तेरा आठवड्यांची गोष्ट : जुन्या मालिकांच्या वाटेनं ॲनिमेकडे

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघायला कुठून सुरुवात करू, असं कुणाला विचारलं की दहा नावं एका दमात अंगावर येतात. त्यातली निम्मी शेकडो भागांच्या मालिकांची असतात आणि उरलेल्यांतल्या दोन-चार अशा, की पहिल्याच भागात माणसं खाल्ली जातात. नवखा माणूस त्यातली एखादी लावतो, वीस मिनिटं सोसतो आणि 'हे पोरासोरांचं काम' म्हणून बंद करतो. मला विचाराल तर ही सर्वांत लोकप्रिय दहांची यादी नवख्याच्या कामाचीच नाही. तुम्हाला दूरदर्शनवर किंवा तेव्हाच्या अल्फा मराठीवर काय आवडत होतं, तेवढं आठवा. तिथूनच ॲनिमेकडे सरळ रस्ता जातो, आणि जाता जाता त्या जुन्या मालिकाही पुन्हा बघून होतात.

हे सगळं घरात एकच टीव्ही असण्याच्या काळात वाढलेल्यांसाठी लिहितोय. भाचा-पुतणी, मुलगा-सून 'एकदा बघाच' म्हणून मागे लागलेत आणि तुम्ही टाळताय, असं असेल तर विशेष करून.

आधी हे मान्य करा : ॲनिमे तुम्ही बघितलेलं आहे

रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. ते 'जंगल बुक' जपानी ॲनिमेच होतं. निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओची, १९८९ साली जपानमध्ये सुरू झालेली ५२ भागांची मालिका. आपल्याकडे ती हिंदीत आली तेव्हा गुलजारांनी चड्डी घातलेलं फूल लिहिलं, विशाल भारद्वाजांनी चाल दिली आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी. त्या गाण्यामुळे आणि त्या आवाजामुळे ते इतकं आपलं झालं, की चित्रं जपानी आहेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. नंतरच्या पिढीनं डोरेमॉन आणि शिनचॅन बघितले, तेही ॲनिमेच. २०१२च्या अखेरीस 'सूरज : द रायझिंग स्टार' नावाची एक मालिका कलर्सवर आली होती. जपानमधल्या १९६८ सालच्या एका गाजलेल्या बेसबॉल-मालिकेचं कथानक उचलून मुंबईच्या झोपडपट्टीत आणलेलं आणि बेसबॉलच्या जागी क्रिकेट. फार चालली नाही, पण झाली होती.

तेव्हा ॲनिमे म्हणजे मारामारी, मोठे डोळे, रंगीत केस, असं काही डोक्यात असेल तर ते बाजूला ठेवा. हा कथाप्रकार नाही, माध्यम आहे. त्यात हेरकथा आहेत, घरगुती मालिका आहेत, इतिहास आहे, भुतं आहेत आणि पाच मिनिटांत बंद कराव्यात अशा टुकार गोष्टीही भरपूर आहेत.

तेराचा पाढा

पुढे जाण्याआधी एक हिशेब समजून घ्या, कारण त्यानं निवड फार सोपी होते. जपानी टीव्हीचं वर्ष चार तिमाहींत कापलेलं असतं : जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. तिमाहीत तेरा आठवडे आणि आठवड्याला एक भाग, म्हणून बहुतेक मालिका बारा-तेरा भागांच्या असतात, नाहीतर त्याच्या पटीत. दूरदर्शनवरही मालिकांना मंजुरी तेरा भागांच्या हिशेबानं मिळायची. 'मालगुडी डेज'चे मूळ भाग ३९. मोगलीचे ५२. ॲनिमेतल्या 'काउबॉय बीबॉप'चे २६, 'इव्हँजेलियन'चे २६, 'ऑड टॅक्सी'चे १३.

म्हणजे आठवड्यातून एकदा येणारी, ठरलेल्या दिवशी संपणारी गोष्ट. रोजच्या मालिका आल्या आणि ही सवय आपल्याकडून सुटली. कथा संपवायची नाही, वाढवायची, असा धंदा झाला. जपानमध्ये ती टिकली. जुन्या दूरदर्शनच्या प्रेक्षकाला ॲनिमे परकं वाटणार नाही असं मी म्हणतो ते याच जोरावर. लिहिणाऱ्याला शेवट कुठे आहे हे ठाऊक असलं की पहिल्या भागापासून फरक पडतो.

एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. त्यात दीड मिनिट सुरुवातीचं गाणं, दीड मिनिट शेवटचं. तेरा भाग म्हणजे पाच तासांच्या आसपास. दोन हिंदी सिनेमे बघितल्यासारखं. तेव्हा पहिला नियम : पहिली मालिका २६ भागांच्या आतली घ्या. 'वन पीस' १९९९ पासून चालू आहे आणि हजार भाग कधीच ओलांडलेत. ती चांगली असेलही, पण पोहायला शिकणाऱ्याला कुणी गेटवेवरून मांडव्याला सोडत नाही.

आता कागद घ्या

तीन जुन्या मालिका लिहा, ज्या आजही लागल्या तर हातातलं काम सोडून बघाल. समोर कारण लिहा. 'विनोदी होती', 'कौटुंबिक होती' असं नको. नेमकं काय आवडायचं? टिपऱ्यांच्या घरातली जेवणाच्या वेळची बोलणी? व्योमकेशचं शेवटी शांतपणे उलगडून सांगणं? 'मालगुडी'तल्या स्वामीच्या गावातली दुपार? हे एकदा लिहिलं की पुढचं काम जोड्या लावण्याचं. काही जोड्या मी लावून देतो.

*टिपरे, प्रपंच आणि घर.* 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली आली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून, केदार शिंद्यांचं दिग्दर्शन. तिच्यात खलनायक नाही. आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि त्या आठवड्यात घडलेली एखादी बारीकशी गोष्ट, बस. प्रतिमा कुलकर्णींच्या 'प्रपंच'मध्ये माणसं जास्त, पण जात तीच. हे आवडत असेल तर 'बाराकामोन' लावा (२०१४, १२ भाग). एक तरुण सुलेखनकार, स्वतःवर जरा जास्तच खूश. प्रदर्शनात एक बुजुर्ग त्याच्या अक्षरांना नुसतं घोटीव, साचेबद्ध म्हणतो, तर हा त्याला ठोसा मारतो. वडील त्याला गोतो बेटांवर धाडतात, आणि तिथल्या गावात शेजारीपाजारी कडीकोयंडा न वाजवता घरात शिरतात. कोकणातल्या कुठल्याही वाडीत हे घडू शकलं असतं. 'उसागी ड्रॉप'ही (२०११, ११ भाग) घ्या. आजोबांच्या मयताला गेलेल्या तिशीतल्या माणसाला कळतं, की आजोबांना एक सहा वर्षांची मुलगी आहे आणि तिला सांभाळायला नातेवाइकांत कुणीच तयार नाही. हा तिला घरी घेऊन येतो. पाळणाघर, शाळेचा दाखला, ताप, दात पडणं, एवढंच आहे. मालिका बघून झाली की तिथेच थांबा. ज्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, ती केली त्याचा उत्तरार्ध वाचायला जाऊ नका. का, ते विचारू नका.

जरा जड चालणार असेल तर 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' (२०१६पासून, दोन पर्वं मिळून ४४ भाग). सतरा वर्षांचा, घरच्यांपासून तुटलेला मुलगा व्यावसायिक शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळतो आणि नदीपलीकडच्या तीन बहिणी त्याला जेवू घालतात. शोगीचे नियम येत नसले तरी अडत नाही. दुसऱ्या पर्वात शाळेतल्या छळाचा भाग येतो. तो बघताना राग येतो, आणि आलाच पाहिजे.

*मालगुडी डेज.* शंकर नाग यांनी आगुंब्यात उभं केलेलं आर. के. नारायण यांचं गाव, एल. वैद्यनाथन यांचं संगीत, लक्ष्मण यांची रेखाचित्रं. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, एखादी दोन-तीन भाग चालणारी, आणि शेवट बहुधा ठोस नसणारा. याला जवळचं काही असेल तर 'मुशिशी' (२००५-०६, २६ भाग). गिंको नावाचा एक भटक्या गावोगाव फिरतो. माणसांना जडलेल्या, ना प्राणी ना वनस्पती अशा अदृश्य जीवांवर इलाज करतो. कधी जमतो, कधी नाही. कुठलाही भाग कुठूनही लावा. मात्र एका बैठकीत एक-दोनपेक्षा जास्त बघू नका, चव एक होऊन जाते. बाहेर पाऊस असेल तर उत्तम.

*व्योमकेश बक्षी.* बासू चटर्जी, रजित कपूर, १९९३. धावपळ नाही, डोकं चालतंय ते दिसतं. हे आवडणाऱ्याला सगळे 'डेथ नोट' (२००६-०७, ३७ भाग) सुचवतात. हरकत नाही, पहिले पंचवीस भाग दम धरू देत नाहीत. त्यापुढे मात्र मालिका लंगडते. माझं मत 'ऑड टॅक्सी'ला (२०२१). टोकियोत रात्रपाळीची टॅक्सी चालवणारा एक कुरकुऱ्या वॉलरस, आणि त्याच्या गाडीत बसून गेलेल्या माणसांमधून उकलत जाणारं एका बेपत्ता मुलीचं प्रकरण. हो, सगळी पात्रं प्राणी आहेत. त्यानं बिचकू नका; तसं का आहे, त्यालाही उत्तर आहे. संवाद इतके नेमके की सुरुवातीच्या भागांतल्या फुटकळ गप्पा शेवटी पुराव्यासारख्या पुढे येतात. हे जमलं की मग 'मॉन्स्टर' (२००४-०५, ७४ भाग). जर्मनीतला जपानी शल्यचिकित्सक वरिष्ठांचं न ऐकता शहराच्या महापौराऐवजी आधी आलेल्या गोळी लागलेल्या मुलाला वाचवतो, आणि वर्षांनी कळतं की वाचवलं ते कोणाला. ७४ भाग म्हणजे नियम मोडला खरा, पण ती दुसरी किंवा तिसरी मालिका म्हणून घ्या, पहिली नाही.

*भारत एक खोज.* १९८८, श्याम बेनेगल, ५३ भाग. नसीरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज आणि ओम पुरींचा औरंगजेब ज्यांना आठवतो, त्यांनी 'विनलँड सागा' बघावी. अकराव्या शतकातले व्हायकिंग, बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला मुलगा. पहिलं पर्व (२०१९, २४ भाग) रक्तबंबाळ. दुसऱ्यात (२०२३, पुन्हा २४) तोच मुलगा गुलाम म्हणून एका शेतावर झाडांचे बुंधे उपटतोय आणि हात न उचलता जगता येईल का, असा प्रश्न त्याला पडलाय. कित्येक तरुण प्रेक्षक इथे 'काही घडतच नाही' म्हणून वैतागले. तुम्ही वैतागणार नाही असं वाटतं.

*रंगभूमी.* ही जोडी मला सगळ्यांत प्रिय, म्हणून जरा जास्त सांगतो. 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' (२०१६ ला १३ भाग, २०१७ ला १२). राकुगो म्हणजे एकपात्री कथाकथन. कलाकार आसनावर गुडघे दुमडून बसतो. हातात घडीचा पंखा आणि एक कापडी रुमाल, एवढंच नेपथ्य. मान डावीकडे वळवली की एक पात्र, उजवीकडे वळवली की दुसरं. पंखा कधी चॉपस्टिक्स होतो, कधी लेखणी. पुलंनी 'बटाट्याची चाळ' एकट्यानं उभी केली आणि लक्ष्मण देशपांडे एका उपरण्यावर अख्खं वऱ्हाड लंडनला नेत, ते ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं, त्यांना यात काहीच समजावून सांगावं लागत नाही. तुरुंगातून सुटलेला एक तरुण एका खडूस, म्हाताऱ्या उस्तादाच्या दारात शागिर्द करा म्हणून येऊन बसतो. मग त्या उस्तादाची आणि त्याच्या गुणी पण बेबंद मित्राची जुनी गोष्ट सुरू होते. रेडिओ येतो, टीव्ही येतो, थिएटरं ओस पडतात. कला राखायची की बदलायची, यावर दोघांचं कधीच जुळत नाही. अधूनमधून पाच-सात मिनिटांची आख्खी राकुगो-कथा सादर होते, आणि ती फसतेय की रंगतेय हे श्रोत्यांच्या हसण्यातून आपल्याला कळतं. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे, त्यानं घाबरू नका. मराठीत संगीत नाटकाच्या उतरत्या काळावर अशी मालिका कुणी केली असती, तर... जाऊ दे.

*चंद्रकांता, अलिफ लैला.* जादू आणि मोठा पट हवा असेल तर 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड' (२००९-१०, ६४ भाग), किंवा 'फ्रीरेन'चं पहिलं पर्व (२०२३-२४, २८ भाग). दुसरीची सुरुवातच मस्त आहे : राक्षसांचा राजा मेलाय, वीर घरी परतलेत, गोष्ट संपलीय. पुढे काय?

कुठे, कोणत्या क्रमानं, कोणत्या भाषेत

ॲनिमेसाठी क्रंचीरोल हे ॲप सगळ्यांत मोठं. नेटफ्लिक्स आणि प्राइमवरही बरंच आहे. यूट्यूबवर म्यूज इंडिया, ॲनी-वन एशिया अशा अधिकृत वाहिन्या काही मालिका फुकट दाखवतात. हक्क सतत इकडून तिकडे जातात, म्हणून आधी मालिका शोधा, मग वर्गणी भरा. महिन्याभराची घ्या, वर्षाची नको. टेलिग्रामवरच्या चोरट्या प्रती राहू द्या. चित्र खराब, सबटायटल त्याहून खराब, आणि त्यात पदरात काय व्हायरस पडेल ते वेगळंच.

एकाच नावाच्या दोन मालिका दिसल्या तर साल बघा. 'फुलमेटल अल्केमिस्ट' २००३ची वेगळी आणि २००९ची वेगळी. पहिली केली तेव्हा मूळ मांगा अपूर्ण होता, म्हणून तिनं स्वतःचा शेवट रचला. 'इव्हँजेलियन'चे २६ भाग संपल्यावर १९९७चा 'एंड ऑफ इव्हँजेलियन' हा चित्रपट बघायचा असतो. 'डीमन स्लेयर'मध्ये पहिल्या पर्वानंतर 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट. 'नारुतो'सारख्या लांबलचक मालिकांत मांगा पुढे सरकेपर्यंत वेळ काढायला घातलेले भाग असतात, चाहते त्यांना फिलर म्हणतात. पहिल्या 'नारुतो'च्या २२० भागांतले शेवटचे ऐंशीएक जवळपास सगळे तसेच. ते सोडले म्हणून काही बुडत नाही.

भाषेचं म्हणाल तर मराठी सबटायटल सहसा नसतात. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तर मूळ जपानी आवाजात बघा. राकुगोची मालिका तर दुसऱ्या कशात बघूच नका, तिचं सगळं काम आवाजांचंच आहे. वाचायचा त्रास होत असेल किंवा आईवडिलांबरोबर बघत असाल, तर गाजलेल्या बऱ्याच मालिकांना हिंदी डब आहे, तो खुशाल लावा. डब बघणाऱ्याला नाक मुरडणारे चाहते सगळीकडे भेटतात. मोगली आपण जपानीत बघितला नव्हता. एक मात्र तपासा : इंग्रजीचे कधीकधी दोन पर्याय असतात. सीसी लिहिलेला इंग्रजी डबसाठी असतो, जपानी आवाजाबरोबर लावला तर बोलणं आणि वाचणं जुळत नाही. शिवाय पुढचा भाग आपोआप लागण्याची सोय बंद करा. शेवटच्या गाण्यानंतर अनेकदा एक छोटा प्रसंग असतो, तो नाहीतर निसटतो.

जुन्या मालिका पुन्हा बघताना

इथे अपेक्षा जरा आवरा. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग असत. त्याच टेपवर पुन्हा चित्रण व्हायचं आणि आधीचं पुसलं जायचं. म्हणून सत्तरच्या दशकातलं हवं ते सगळं सापडेल असं धरून चालू नका. जे आहे त्यासाठी यूट्यूबवर प्रसार भारतीचा संग्रह बघा, आणि २०२४च्या नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं त्यांचं वेव्हज हे ॲपही. अल्फा आणि झी मराठीच्या मालिका झी५वर शोधा.

टीव्हीवर बघत असाल तर चित्र ताणू नका. त्या काळचा पडदा जवळपास चौकोनी होता. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. पडदा भरून घेतला की आबा टिपरे आडवे होतात. 'काउबॉय बीबॉप', 'इव्हँजेलियन' यांचंही तेच, तीही चौकोनी पडद्यासाठीच काढलेली आहेत.

पहिल्या भागापासून ओळीनं बसू नका. आठवणारा एखादा मधला भाग लावा. गती सैल वाटेल, पार्श्वसंगीत भडक वाटेल. दहा मिनिटं द्या, डोळे आणि कान सरावतात. तरीही कंटाळा आला तर बंद करा, मालिकेचा अपमान होत नाही. काही विनोद आता खटकतील, विशेषतः बायकांवरचे आणि जाडीवरचे. खटकले तर खटकले म्हणा, 'तेव्हा असंच होतं' म्हणून शेजारी बसलेल्या मुलीला गप्प करू नका.

दुसऱ्याला सुचवताना

आता तुमची पाळी. घरातल्या ज्यानं तुम्हाला ॲनिमे लावलं, त्याला तुम्ही जुनी मालिका द्या. एकच द्या. तीही एका भागाच्या रूपात : 'मालगुडी' नको, 'मालगुडी'तला अमुक भाग. तीन भाग तो बघेल, तीन तुम्ही बघाल, असा सरळ सौदा करा.

'विसाव्या भागानंतर रंगते' अशी शिफारस कधी करू नका. समोरच्याचे आठ तास फुकट नसतात. लहान मुलांसाठी निवडत असाल तर चित्रं आहेत एवढ्यावर जाऊ नका. 'मॉन्स्टर', 'डेथ नोट', 'अटॅक ऑन टायटन' ही मोठ्यांची कामं आहेत. आणि कित्येक एरवी बऱ्या मालिकांतही शाळकरी मुलींना नको तिथून दाखवण्याची खोड असते. वयाची सूचना वाचा, पहिला भाग आधी एकट्यानं बघा, मग सगळ्यांसमोर लावा.

शिफारस केल्यावर आठवडाभर विचारू नका. आठवड्यानं एकदाच विचारा, 'कुठवर आलास?' उत्तर 'पहिल्या भागातच आहे' असं आलं तर समजून घ्या आणि कागदावरची दुसरी जोडी काढा.